वाचनालयाचं मोकळं पान

माझी बायको गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशीच तिचं काम पुसलं गेलं, आणि पुसणाऱ्यांनी ते मला फोन करून कौतुकानं सांगितलं.

"सर, साईट बघा आपली. सूनबाईंचा फोटो पहिल्याच पानावर घेतलाय."

फोन वाचनालयाच्या अध्यक्षांचा होता. माझ्या बायकोला ते सूनबाई म्हणत. मुरुम गावात आमच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून हे वाचनालय आहे, आणि त्याची वेबसाईट तिनं बांधलेली. वेबसाईटी बांधणं हाच तिचा व्यवसाय होता. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती उमरग्यातल्या दवाखान्यांच्या, दुकानांच्या साईटी करायची. साईटचं दिसणं थीम ठरवते. अशा थीम सजवून तयार मिळतात. सरकते फोटो, उडत येणारी अक्षरं, सगळं त्यात असतं. ती मात्र स्टार्टर थीम घ्यायची. त्या थीममध्ये रंग नाही, सजावट नाही. वर मथळा, मधे मजकूर, खाली तळ, एवढाच सांगाडा. बाकी सगळं स्वतः लिहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो होतो, "हे तर बिघडलेलं दिसतंय."

"बिघडलेलं न्हाय," ती म्हणाली, "बिघडवायचं बाकी हाय."

वाचनालयाची साईट करण्याआधी ती कितीतरी संध्याकाळी पुस्तकं देण्याच्या टेबलाजवळ नुसती बसून राहिली. आसपासच्या गावांतल्या मुली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी एसटीनं येत, आणि पुस्तक आधीच कुणीतरी नेलेलं असे. म्हणून तिनं पहिल्या पानावर शोधायची एक चौकट ठेवली, खाली पुस्तकांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं "आहे" किंवा "गेलंय, गुरुवारी येईल". दुसरं काहीच नाही.

अध्यक्षांनी तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. "पान लई मोकळं दिसतंय, सूनबाई. कार्यकारिणीचे फोटो कुठं हायत?"

"आतल्या पानावर हायत, मामा. पहिल्या पानावर लोक पुस्तक शोधत्यात, तुम्हाला न्हाय."

सगळे हसले होते. तेही हसले होते.

पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

फोन ठेवून मी साईट उघडली. मधोमध तिचा फोटो, आमच्या भाचीच्या लग्नातला. कापताना माझा खांदा तेवढा राहून गेला होता. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". भोवती गोलांमध्ये हात जोडलेले पदाधिकारी, आणि त्यांत अध्यक्षांचा गोल सगळ्यांत मोठा. एसटी स्टँडसमोर बांबूला बांधलेला फ्लेक्स जसाच्या तसा. माझ्या डोळ्यांदेखत तो फोटो डावीकडं सरकला आणि इमारतीच्या उद्‌घाटनाचा आला. शोधायची चौकट नव्हती. पुस्तकं नव्हती.

मी साईट बंद केली. दुःखात असलेल्या माणसानं भांडू नये असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटत असावं. मग एका सकाळी विहाराच्या दारात एक मुलगी भेटली. खेड्यावरून आली होती.

"सर, साईटवर पुस्तकंच दिसंनात. म्हणून तशीच आले, तर पुस्तक न्हाय म्हणत्यात."

मी तिथूनच अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांचे पुण्याचे जावई आले होते. नवी थीम त्यांनीच बसवली होती. त्यांनी उत्साहानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"मॅडमची थीम अजून आत आहे, सर. चालू नाही, एवढंच. पण रिकामी दिसते. म्हटलं, आज उडवून टाकू."

पडद्यावर दोन थीमचे दोन चौकोन होते. एक रंगीत. दुसरा नुसता करडा, कारण आपल्या थीमला चित्र लावायला तिला कधी सवड झाली नव्हती. त्या करड्या चौकोनावर माझी नजर खिळली.

"ती चालू करा," मी म्हणालो.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "मग सूनबाईंचा फोटो जाईल की, सर! लोक काय म्हणतील? बायको जाऊन महिना न्हाय, अन् नवऱ्यानंच फोटो काढला?"

"काका, त्या फोटोत तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसताय."

ते खाली बसले. "तिच्यासाठीच केलं हो," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. तिला त्यांनीही खांदा दिला होता. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. सरळ चिडता येईल असा माणूसही समोर नाही, म्हणून तो वाढलाच.

जावई बटण दाबेनात. सासऱ्यांकडं बघत बसले. मग माउस मी घेतला आणि माझ्या बायकोचा फोटो माझ्या हातानं काढून टाकला.

पांढरं पान उघडलं. चौकट, खाली पुस्तकांची नावं. नोंदी आत तशाच होत्या, टेबलावरचा माणूस त्या रोज करत होता. फक्त दाखवणारं पान गेलं होतं. मी त्या मुलीचं पुस्तक शोधलं. "गेलंय, शनिवारी येईल."

"मोकळंच दिसतंय ओ," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"व्हय. मोकळंच ऱ्हाऊ द्या."

त्या पानावर तिचं नाव कुठंच नाही. तिनं घातलंच नव्हतं. याचाही मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.