अक्कांचा घोगरा आवाज

सोलापूरच्या उन्हाळ्यात शाल पांघरून बसणारी आमच्या भवानी पेठेतल्या घरात एकच बाई होती, माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. बाकीचे फरशीवर पाणी शिंपडून आडवे व्हायचे आणि अक्का म्हणायच्या, "औंदा थंडी गेलीच न्हाय की गं."

माळशिरसहून लग्न होऊन आल्या तेव्हा भाकरी थापता थापता त्या सगळ्या गल्लीशी बोलायच्या, असं शेजारणी सांगत. बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी मी त्या घरात आले, तोवर हे सगळं संपलं होतं. चेहरा सुजलेला, केस विरळ, बोलणं रेंगाळत. अर्धी भाकरी खाऊनही अंग सुटत चाललेलं. सासूबाई म्हणायच्या, "आळस, दुसरं काय!" अक्कांना कायमचं माहेरी धाडायचं बोलणंही सुरू झालं होतं. अक्का उलट बोलत नसत. एकदा मला म्हणाल्या, "त्यांचंच खरं असंल. उठावंसंच वाटत न्हाय मला."

मला दिवस गेले. तपासणीला सोबत म्हणून अक्का आल्या. दवाखान्यात पंखा फिरत होता. घोगऱ्या आवाजात, सावकाश त्या म्हणाल्या, "बाई, पंखा जरा बंद करता का?"

माझं तपासणं तसंच ठेवून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आवाज असा कधीपासून?"

"लई दिस झालं. घसा धरलाय."

"पोट साफ होत नाही? पाळीला त्रास?"

"व्हय की! तुमाला कुणी सांगितलं?"

बाईंनी त्यांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परतायला वेळ लागला. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की सगळं शरीर मंदावतं," बाई म्हणाल्या. "रक्त मुंबईला पाठवून खात्री करू."

रिपोर्ट आला. बाईंचा अंदाज बरोबर होता. गोळी रोज, उपाशीपोटी, जन्मभर घ्यायची होती. अक्कांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी आळशी न्हवते?"

"नाही हो. आजारी होतात."

तिथंच पदर तोंडाला लावून त्या रडल्या.

घरी मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन सासूबाई स्वतः अक्कांच्या अंथरुणापाशी उभ्या होत्या. पुढं रोज. बरं व्हायला महिने लागले. माझ्या मुलीच्या बारशाला अक्कांनी पाळणा म्हटला, तोही खणखणीत आवाजात. माहेरी धाडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुष्कळ वर्षांनी सासूबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तळहातावर गोळी घेऊन स्वयंपाकघरात नुसत्याच बसल्या होत्या. मी पाणी पुढं केलं.

"'चुकलं' असं कदी म्हणल्या न्हाईत त्या," अक्का म्हणाल्या. "पर पानी एक दिस चुकवलं न्हाय."

मग त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला.