भाईदास कुठं जातो

डोईफोडिया गावच्या भाईदासला दमायला काम लागत नाही. सकाळी उठतो तोच दमलेला. "रात्रभर कोणाचा नांगर ओढत होता?" सरुबाई, त्याची बायको, चहा पुढं सरकवत विचारते, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत चहावर साय धरते.

केळीच्या टोळीत तो कापणारा. पुढं कापणारा चालतो, त्याच्या मागं घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेणारे. टोळीत मान असतो तो कापणाऱ्याला. झाडाला घाव असा घालायचा की ते हळूच वाकलं पाहिजे, घड मागच्याच्या खांद्यावर अलगद टेकला पाहिजे, मग एका फटक्यात दांडा तोडायचा. कोयता दोन बोटं चुकला तर घडाबरोबर माणसाचा कानही बांधावर जायचा. अठरा वर्षांत भाईदासचा चुकला नाही.

पण दोन वर्षांपासून तो मधेच थांबायला लागला. कोयता वर, डोळे उघडे, आणि आत कोणी नाही. मागचा माणूस खांदा पुढं करून वाकलेला, तो वाकलेलाच. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग पापण्या हलायच्या आणि भाईदास विचारायचा, "घड गेला का?"

टोळीनं बांधावर बसून निदान केलं. मिरगी. आणि मिरगीला इलाज एकच, जो आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक: चप्पल हुंगवणे. हे खातं टोळीतल्या नीलेशनं आपणहून घेतलं. पायातली काढायचा, केळीच्या चिकानं काळीठिक्कर पडलेली, आणि भाईदासच्या नाकाला लावून ओरडायचा, "सूंघ भाऊ, सूंघ! लंबी साँस! आत घे, आत!"

चप्पल नाकाशी आली की पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायचा.

"पाह्यलं?" नीलेश घाम पुसत म्हणायचा. "मिरगी निघून राहिली. निघताना जोर करतेच ती."

मुकादम निरंजनला हे बघवेना. निरंजन एक गोष्ट एकदा बोलून थांबेल तर शपथ. "हे पाय, हे पाय, हे पाय भाईदास. मी बोलणारा माणूस नाही. पण बोलतो. अजून एक डाव असा उभा राहिला, तर तू घरी. माणूस कटला म्हणजे मी कोणाला तोंड दाखवू? कोणाला दाखवू, सांग?"

भाईदासला फक्त एवढंच कळलं की टोळी गेली तर सकाळी उठायला कारणच उरणार नाही, दमलेलं का होईना.

मिरगीच्या गोळ्या आधीच खाऊन झाल्या होत्या. झोप वाढली, बाकी काही नाही. मग सरुबाईनं त्याला बुऱ्हाणपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "पडतो? जीभ चावतो? तोंडाला फेस?"

"फेस माझ्या तोंडाला येतो साहेब, हाका मारून मारून," सरुबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तेव्हा वर बघितलं. मेंदूची तपासणी केली, त्यात मिरगी सापडली नाही, आणि त्यांनी दोघांना रश्मी मॅडमकडं पाठवलं. या बोलूनच इलाज करणाऱ्या. मॅडमचं बोलणं मराठीच्या दारानं आत यायचं आणि हिंदीच्या खिडकीतून बाहेर पडायचं. "भाईदासजी, असं थांबता तेव्हा काय वाटतं, मतलब, कैसा लगता है?"

भाईदास म्हणाला, "हात दुसऱ्याचे वाटतात. माणसं बोलतात ते पाइपाच्या त्या टोकाहून ऐकू येते. मी वर कुठंतरी असतो. खाली एक भाईदास उभा दिसतो."

"हे कधीपासून?"

"गाडी पलटली तेव्हापासून."

दोन वर्षांपूर्वी केळीनं भरलेली गाडी वळणावर पलटली होती. वर टोळीची पोरं बसलेली. भाईदास आणि चेतन, नीलेशचा धाकटा भाऊ, मालाखाली गाडले गेले. भाईदासला काढलं. चेतनही निघाला, पण जिवंत नाही. हे सगळ्या डोईफोडियाला ठाऊक होतं.

मॅडम म्हणाल्या, "जिथून पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तिथं शरीर अडकतं. मग मन एकटंच निघून जातं. त्या दिवशी त्यानंच तुम्हाला सांभाळलं. आता त्याला सवय लागली. काही आठवण झाली, की निकल गया."

"म्हणजे मन हुशार निघालं," सरुबाई म्हणाली, "माणूस राहिला गाडीखाली."

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं.

आधी परत यायला शिकायचं होतं, गाडीचं बोलणं नंतर. तळपाय जमिनीवर दाबायचे. समोरच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. गार पाण्याचा तांब्या हातात धरायचा. आपण कुठल्या गावात आहोत ते सांगायचं. दर आठवड्याला एक आख्खा दिवस जायचा: बस, रांग, बाक, पुन्हा बस. भाईदास खिडकीला डोकं टेकून बसायचा. नसण्यानंही माणूस दमतो, आणि असायला शिकताना तर फारच दमतो. पण थांबणं कमी झालं. महिन्यातून चारदा, मग दोनदा.

सातव्या वेळी तो आपणहून बोलला. पाय दाबून, एकेक शब्द ओढत. मालाखाली हात हलत नव्हता. चेतनचा पाय नेमका त्याच्या तोंडावर आला होता, चपलेसकट. तासभर श्वास घेतला तो त्या चपलेतून. सुरुवातीला पाय हलत होता.

मॅडमचं पेन थांबलं. टोळीचा इलाज सरुबाईनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला होता. "और टोलीवाले आपको क्या सुंघाते हैं?"

दोन वर्षांत हे भाईदासच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरुबाई उठली, स्वतःच्या चपला काढून दाराबाहेर ठेवून आली, आणि परत जागेवर बसली.

"चप्पल आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "टोळीला काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुम्ही ठरवा. तयार असाल तेव्हा. घाई नाही."

डॉक्टरनं मना केलं, एवढं सांगून सुटता आलं असतं. बसमध्ये त्यानं तेच ठरवलं. पण नीलेश हा 'का'चा माणूस.

"का बंद?" दुसऱ्या दिवशी मळ्यात बिडी पेटवता पेटवता नीलेशनं विचारलंच. "आज्या-पणज्याचा इलाज आहे. मॅडम आपल्या आज्यापेक्षा शहाणी झाली का?"

भाईदासनं पाय मातीत रोवले. "चेतनची चप्पल माझ्या नाकाशी होती. गाडीखाली."

बिडी ओठाशीच राहिली.

"त्यानं हाक मारली. 'भाईदास भाऊ, आहेस ना?' मी हो म्हटलं. परत मारली, परत हो म्हटलं. तिसऱ्या हाकेला मी..." त्याला पाण्याचा तांब्या घ्यावा लागला. "ऐकू येत होतं. पण मी तिथं नव्हतो नीलेश. मला हो म्हणता आलं नाही."

"किती हाका मारल्या?"

"तीन ऐकल्या. पुढचं ठाऊक नाही."

नीलेश उठला आणि केळीच्या ओळीत आत निघून गेला. निरंजन धावत आला. "काय झालं, काय झालं, भांडले का? भांडले का?" वाळलेली पानं तेवढी वाजत राहिली.

नीलेश आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानं सरळ भाईदासच्या हातातला कोयता घेतला. भाईदासनं मूठ सैल सोडली. संपलं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्या थकव्यात जरा बरंही वाटलं.

"निरंजन भाऊ, कापायचं मी," नीलेश म्हणाला. "हा माझ्या मागं खांदा लावेल."

"अन् मधेच गेला म्हणजे? गेला म्हणजे?"

"घाव घालायच्या आधी मी हाक मारीन. हो आला तरच कोयता उचलीन. दर झाडाला."

"दर झाडाला? गाडी भरायला दिवाळी येईल! दिवाळी!"

"येऊ दे."

भाईदासनं खांद्यावर गोणपाट टाकलं. अठरा वर्षांनी पुन्हा मागचा झाला. कोयत्याविना हात रिकामे लोंबत होते, कुठं ठेवावे कळेना. पहिल्या झाडाला हाक आली, त्यानं हो म्हटलं. दहाव्याला म्हटलं, विसाव्याला म्हटलं. घशाला कोरड पडली, पाय भरून आले. पुढं एका झाडाखाली नीलेशचा आवाज लांब जायला लागला, पाइपाच्या त्या टोकाला. नीलेश कोयता खाली धरून थांबला. मागची सगळी रांग थांबली. निरंजनसुद्धा गप्प.

"भाईदास भाऊ."

भाईदासनं तळपाय दाबले. माती. गोणपाट. हिरवा घड.

"भाईदास भाऊ, आहेस ना?"

"हो," भाईदास म्हणाला. "आहे. काप."

झाड वाकलं. घड खांद्यावर टेकला, जड होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बांधाकडं चालायला लागला.