काळजाचा ट्रंक कॉल

प्रोजेक्ट संपला की त्याचा रिपोर्ट होतो आणि रिपोर्टला वाळवी लागते. किश्श्यांना मात्र वाळवी लागत नाही, उलट दर वर्षी नवी पालवी फुटते! आमच्या जुन्या मंडळींपैकी कुणी भेटलं की "अरे, ते आठवतं का?" इथून गाडी सुरू होते आणि चहाचे दोन राउंड झाल्याशिवाय कुणी उठत नाही. म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. मी रत्नागिरीचा. नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आणि घरच्यांच्या मते वाया गेलेला. मुंबईच्या एका विद्यापीठातल्या प्रोफेसरांनी आणि तिथल्याच एका कंपनीनं मिळून एक मशीन बनवलं होतं. पेशंटच्या छातीला वायरी लावायच्या, खोक्यातून ठोक्यांचा पीं-पीं आवाज यायचा. टेलिफोनचा रिसीव्हर खोक्यावरच्या रबरी वाट्यांत उपडा ठेवला, की मुंबईतलं दुसरं खोकं तो आवाज ऐकून कागदावर कार्डिओग्रामची रेघ काढणार आणि तिथले हार्ट स्पेशालिस्ट ती वाचून फोनवरच सल्ला देणार!

प्रयोगासाठी निवडलं होतं राजापूर तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं एक छोटं हॉस्पिटल. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथली. हॉस्पिटल म्हणजे डॉक्टर लिमये, एक नर्स, सहा खाटा आणि आता मशीन सांभाळायला मी.

कंपनीची अट एकच होती. वर्षभरात मशीन उपयोगी ठरलं तर राहील, नाहीतर उचलून नेणार. लिमये डॉक्टरांना मात्र ते हवंच होतं. आदल्या वर्षी छातीत दुखणाऱ्या एका मास्तरांना त्यांनी जीपमधून कोल्हापूरला पाठवलं आणि मास्तर घाटातच गेले. "हलवायला नको होतं रे. पण विचारणार कुणाला?" असं ते म्हणायचे, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

*

उद्घाटनाला प्रोफेसर इंग्रजीत भाषण लिहून घेऊन आले होते. पण आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठल्या शुभकार्याची सुरुवात होते? गावच्या मानकऱ्यांनी मशीनपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. प्रोफेसर दचकले.

"आज ह्या ठिकाणी जा काय मशीन आणलेलं हाय, त्यास यश दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या वायरीस उंदीर लागू देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या युनिव्हर्सिटीवाल्यांच्यात नि कंपनीवाल्यांच्यात जी काय वादावादी आसंल, ती बारा वाटेनं भायेर काढ म्हाराजा!"

ह्या वेळचा "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठा निघाला तो कंपनीच्या इंजिनिअरच्या तोंडून! प्रोफेसर मला हळूच म्हणाले, "वकिलानं तीन महिने खपून करार लिहिला. हे कलम काही त्याला सुचलं नाही."

*

देवानं गाऱ्हाणं ऐकलं असेल, पण त्याला वेळ लागला असावा. कारण पहिली वादावादी झाली ती मशीनवर नाव कुणाचं, ह्यावरून! विद्यापीठ म्हणे, डोकं आमचं. कंपनी म्हणे, पत्रा आमचा. मग दोघांनी आपापले स्टिकर पाठवले आणि दोघांनीही बजावलं, "दर्शनी बाजूला लाव."

दर्शनी बाजू एकच होती. माझा पगार विद्यापीठाचा आणि पेटीतली सगळी हत्यारं कंपनीची. दोघांना कसं दुखवणार? मी एक युक्ती केली. एसटीतून कोण उतरतंय ते बघायचं आणि त्याचा स्टिकर चिकटवायचा. पाच-सहा महिने हा धंदा सुरळीत चालला.

आणि एक दिवस एकाच एसटीतून प्रोफेसर आणि इंजिनिअर दोघेही उतरले! गप्पा मारत, अगदी सख्खे भाऊ असल्यासारखे. मी धावत आत गेलो. स्टिकर काढायला वेळ नव्हता. हॉस्पिटलच्या देव्हाऱ्यातला झेंडूचा हार उचलला, मशीनवर आडवा घातला आणि वर ठसठशीत हळदकुंकू लावलं.

दोघेही आत आले, चपला बाहेर काढून आले, नमस्कार केला आणि बाजूला उभे राहिले. हार सरकवून खाली बघायची कुणाची छाती झाली नाही!

*

एक म्हातारी होती, सत्तरीची. धाप लागते म्हणून आली. वायरी लावल्या, मुंबईला आवाज गेला, तिकडून निरोप आला की हृदय एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी आनंदानं सांगितलं, "आजी, काळीज ठणठणीत आहे तुमचं!"

म्हातारीचं तोंड पडलं. "नार्मल म्हंजे कायच नाय?"

"काहीच नाही. ह्या गोळ्या घ्या आणि घरी जा."

म्हातारी उठेचना. शेवटी पदराचं टोक पिळत म्हणाली, "डाक्तर, माजा झील मुंबैस परळात हाय. दोन वर्सं झाली, घरास आला नाय. थोडा बिघाड हाय म्हणून लिवा ना. गणपतीस येल तरी!"

डॉक्टर लिमये खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, "आईला धाप लागते. येऊन बघावे." त्यात खोटं काय होतं? झील, म्हणजे मुलगा, गणपतीच्या आदल्या दिवशी हजर झाला. पुढच्या आठवड्यात आमच्या दारात नऊ म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीला धाप!

*

आता सदूभाऊ. हॉस्पिटलसमोर पोस्ट आणि पोस्टातच टेलिफोन एक्स्चेंज. तिथले ऑपरेटर सदूभाऊ. कानाला हेडफोन, पुढे भोकांचा बोर्ड आणि गावातला प्रत्येक कॉल त्यांच्या हातून. ऐकत नसत ते फक्त स्वतःच्या बायकोचं, असं गावात म्हणत. एरवी कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, हे घरच्यांच्या आधी सदूभाऊंना कळायचं.

एप्रिल-मे आला की आमचे हाल. मुंबईची लाइन मिळेच ना! सगळे बागायतदार आंब्याचा भाव विचारायला अर्जंट कॉल बुक करून बसलेले. एकदा एका पेशंटला वायरी लावून आम्ही पाऊण तास ताटकळलो. शेवटी डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला आणि ओरडले, "सदूभाऊ, अहो इथे माणसाच्या छातीत कळ आलीय!"

"डॉक्टर," सदूभाऊ शांतपणे म्हणाले, "इथे बारा जणांच्या छातीत कळ आलीय. मुंबईत पेटीचा भाव पडलाय!"

*

पण आमची खरी शोभा झाली ती एका दर्यावर्दी गड्यापायी. हा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पोटात जळजळतं म्हणून आला. डॉक्टर म्हणाले, काढू कार्डिओग्राम. गडी अंगाला खोबरेल चोपडून आला होता आणि छातीवर केसांचं रान. मी वायरींचे रबरी फुगे दाबून दाबून बसवले. आवाज सुरू झाला. रिसीव्हर वाट्यांत ठेवला आणि आम्ही सगळे डॉक्टरांच्या टेबलापाशी चहा प्यायला गेलो. तांडेलानंही उठून एक कप घेतला. उठताना फुगे पटापट निसटले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी रिसीव्हर कानाला लावला. तिकडून स्पेशालिस्ट ओरडत होते, "सरळ रेघ येतेय! हार्ट थांबलंय! पेशंट गेला, डॉक्टर, आय ॲम सॉरी!"

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. तांडेलानं त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. "ओ सायेब, मी गेलो तर मंग मगाधरनं च्या कोन पितोय?"

आम्ही हसून लोळलो. पण मुंबईत कुणी हसलं नाही. हा प्रकार कंपनीपर्यंत पोहोचला आणि पंधरा दिवसांत पत्र आलं की कंपनीचे मॅनेजर नाडकर्णी साहेब स्वतः येऊन मशीनचा निर्णय घेतील.

*

नाडकर्णी साहेब आले ते चेहरा पाडूनच. संध्याकाळी त्यांनी हेड ऑफिसला फोन केला, "फारसा उपयोग दिसत नाही. उद्या सकाळी बघतो आणि मशीन परत घेऊन येतो." हे त्यांनी फक्त हेड ऑफिसला सांगितलं होतं. तासाभरात ते मच्छी बाजारातही माहीत झालं होतं. लिमये डॉक्टर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. नर्सनं दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

सकाळी साहेबांनी हेड ऑफिसचा कॉल बुक केला आणि मला मशीनच्या वायरी गुंडाळायला सांगितल्या. मी गुंडाळत होतो तोच पोस्टमन धावत आला. "डाक्तर, सदूभाऊंच्या छातीत दुखतंय! घामानं भिजलेत!"

डॉक्टर धावत गेले आणि पोस्टाच्या दारातूनच मला ओरडले, "हलवायचं नाही त्यांना! मशीन इकडे आण!"

मशीन एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं, तर नाडकर्णी साहेबांनी कोट काढून दुसरी बाजू धरलेली! जे मशीन उचलून न्यायला साहेब आले होते ते त्यांनी उचललं खरं, पण रस्ता ओलांडून पोस्टात नेण्यासाठी.

सदूभाऊ बोर्डासमोरच्या खुर्चीत रेलून बसले होते, चेहरा राखेसारखा. मी त्यांच्या छातीला वायरी लावल्या. पण मुंबईची लाइन कोण लावणार? बोर्ड चालवणारा गावात दुसरा कुणी नव्हता. सदूभाऊंनीच हेडफोन चढवला, पिन भोकात घातली.

"हॅलो रत्नागिरी, मुंबई द्या. हो, हार्टचाच. पेशंट कोण?" त्यांनी छातीवरच्या वायरींकडे बघितलं. "लिहा, मीच."

लाइन लागली. मी पोस्टातल्या टेलिफोनचा रिसीव्हर मशीनच्या वाट्यांत उपडा ठेवला आणि पीं-पीं सुरू झालं. मुंबईहून स्पेशालिस्टांचा आवाज आला, "अटॅक आहे. जागचं हलवू नका," आणि कुठलं इंजेक्शन, किती, ते भराभर सांगितलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं. अर्धा तास आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मग सदूभाऊंचा श्वास हळूहळू सुधारला, तोंडावर जरा रंग आला. डॉक्टर नाडी धरून बसले होते, त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

तेवढ्यात बोर्डावर कॉल आल्याची झडप पडली. सदूभाऊंनी डोळे मिटूनच पिन घातली, ऐकलं आणि म्हणाले,

"साहेब, तुमचा सकाळचा कॉल. हेड ऑफिस."

नाडकर्णी साहेब कपाळ पुसत म्हणाले, "राहू दे, सदूभाऊ. कॅन्सल करा."

"लागलेला कॉल कॅन्सल होत नाही, साहेब," सदूभाऊ म्हणाले. "बोला. आणि जरा मोठ्यानं बोला, आज डॉक्टरांनाही ऐकू दे!"