खालच्या थरातला मी

शेजाऱ्याच्या खांद्यावरचा हात मी काढला होता. डोळ्यात घाम गेला, तो पुसायला. दहीहंडीच्या थरात खाली उभ्या असलेल्या माणसाने वरचे सगळे उतरेपर्यंत पकड सोडायची नाही, हे आमच्या परळच्या चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी तर ऐन तरुणपणापासून खालच्या थरात उभा राहत आलो होतो. त्या दिवशी नुसता सराव होता. माझ्या बाजूने थर कलला आणि माझा मित्र वरून पाठीवर पडला. त्याचे पाय पुन्हा हलले नाहीत.

"कुणाचा तरी पाय घसरला असेल," असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून, "नशीबच फुटकं रे आपलं," असंही बोलून गेलो.

"नशिबाचं मग बघू. आधी मला कुशीवर वळव, पाठ भाजतेय."

पुढची वर्षं मी त्याला बघत राहिलो. खाटेवरून व्हीलचेअरवर तो एकटा सरकायचा, हात द्यायला गेलो की खेकसायचा. मोबाइल दुरुस्ती शिकला, तळमजल्याच्या जिन्याखाली टेबल टाकून बसला. आणि गेल्या वर्षी त्याने बायकांचं गोविंदा पथक शिकवायला घेतलं. तेही जिथे पडला, त्याच मैदानात.

मातीत चाकं रुततात म्हणून पहिल्या दिवशी खुर्ची ढकलायला मी गेलो. बायकांना समोर बसवून तो म्हणाला, "मी इथेच पडलो. कमरेला सेफ्टी बेल्ट नव्हता. सरावाला कशाला हवा, म्हणून मीच कंटाळा केला. चूक माझी."

मासळी विकणारी एक दणकट बाई पुढेच बसली होती. "पण दादा, खाली कोण हलला त्याचं काय? त्याला धरला नाय तुम्ही?"

"धरून काय करू, लोणचं घालू?" सगळ्या हसल्या. तोही हसला. "खाली कोण हलेल ते माझ्या हातात नव्हतं, ताई. बेल्ट बांधणं होतं."

मी खुर्चीमागे उभा होतो. ज्याचं चालणं गेलं, तो परक्या बायकांना स्वतःची चूक खणखणीत आवाजात सांगत होता. ओशाळलेपणा नाही, कडवटपणाही नाही. लहानपणापासून ज्याच्यासोबत एका नळावर अंघोळ केली, तो माणूस एवढा मोठा आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. आणि मी त्याच्याच पाठीमागे लपलो होतो.

मी पुढे आलो. त्याच्यासमोर मातीत बसलो.

"अरे, तुला काय झालं? चक्कर आली काय?"

"हललो तो मी होतो," मी म्हणालो. "हात मी काढला आणि इतकी वर्षं तुझ्यापासून लपवलं. मला माफ कर."