नौबादचा टायरवाला आणि हलकी गाडी

गाडीची खरी जात वळणावरच कळते, हे नौबादचा एक टायरवाला न्यायाधीशाच्या थाटात सांगायचा. एकदा त्याच्या दुकानापुढं आम्ही बसलो असताना दोन गिऱ्हाइकांची जुंपली. वळणावर सरस कोण, एकाची हलकी, बुटकी स्पोर्ट्स कार की दुसऱ्याची दणकट फोर-व्हील ड्राइव्ह?

टायरवर अंगठा फिरवत तो म्हणाला, “हलकीच. हरली तर दुकानाची पाटी काढतो.”

“कामून अण्णा? माझी चारी चाकं ओढायलीत की!” दणकट गाडीवाला म्हणाला.

“ओढायलीत, व्हय. पर वजन बाहीर पळायलंय, त्याला कोण धरतंय?”

आम्ही सगळे कमठाण्याच्या वळणावर गेलो. गावानं तिथं नवा गतिरोधक घातला होता. दणकट गाडी सावकाश पार झाली. हलकी पोटावर अडकली; ती उचलायला आम्ही वाकलो.

टायरवाल्याची छाती फुगली. “बघा, म्हणलो न्हवतो? हलकी हाय!”

आम्ही सहा जणांनी ती पुढून उचलली.