खाली ओढलेली बाही

वैनीसाहेबांनी ड्रेसची लांब बाही दंडापर्यंत वर केली होती. मी रबरी पट्टा बांधला होता. कोपराच्या खोबणीत स्पिरिटचा कापूस फिरवून झाला होता. सुई हातात. शीर बोटाखाली टुकटुक करत होती.

"गाव कुठलं गं तुझं?"

"कागलच्या अलीकडचं."

"आडनाव?"

सांगितलं.

"गावात घर कुठं?"

"बुद्धविहाराच्या मागं."

बाईंनी दुसऱ्या हातानं पट्ट्याची गाठ सोडली. पट्टा माझ्या हातात दिला नाही, खाली टाकला. पर्समधून रुमाल काढला आणि मी जिथं स्पिरिट फिरवलं होतं ती जागा पुसली. स्पिरिटनं साफ केलेली जागा रुमालानं साफ केली. मग बाही खाली ओढली, पार मनगटापर्यंत. आणि दाराकडं तोंड करून म्हणाल्या,

"डॉक्टर, हिचा हात नको. ते परत माझ्याच चेहऱ्यात जायाचं हाय."

सुई माझ्या हातात तशीच.

आता मी कोण, ते ऐका. माझ्या हाताला शीर सापडली नाही असा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. हे मी फुगवून सांगत नाही. थोडंसंच फुगवते. तालमीतले पैलवान यायचे आमच्याकडं. दंड एवढाले, की एक पट्टा पुरायचा नाही, दोन गाठवून बांधायला लागायचे. सुई बघितली की डोळे पांढरे. एक गडी तर असा आडवा झाला, की खालच्या मिठाईच्या दुकानातल्या परातीतले पेढे वीतभर उडाले. दुकानदार वर भांडायला आला होता. जाताना स्वतःची शुगर तपासून घेऊन गेला, माझ्याच हातानं. लॅबचा डिप्लोमा केलेली घरातली मी पहिली. वस्तीतलीही पहिलीच म्हणा.

चामडीच्या डॉक्टरांचा हा दवाखाना. मुरुमं, वांग, गजकर्ण असलं सगळं तिथं यायचं. दोन हजार सालानंतरचं ते दशक संपत आलं होतं, तेव्हा डॉक्टर मुंबईहून नवीन खूळ शिकून आले. माणसाचं स्वतःचंच रक्त काढायचं, निळ्या टोपणाच्या नळीत भरायचं आणि मशीनमध्ये घालून गरगर फिरवायचं. लाल खाली बसतं. वर पिवळसर पाणी येतं, त्याला प्लाझ्मा म्हणायचं. त्यातला प्लेटलेट भरपूर असलेला भाग सुईनं ओढायचा आणि बारीक बारीक टोचत चेहऱ्यात भरायचा. कातडी तरणी होते, असं डॉक्टर सांगायचे. झालेली मी तरी फार बघितली नाही. पण मोठ्या घरच्या बायका रांग लावून यायला लागल्या.

मशीन आलं तेव्हा पहिली नळी माझी. दुसरी माझी. पाचवी, सातवी, सगळ्या माझ्याच, मीच माझ्या डाव्या हातातून काढलेल्या. किती जोरात फिरवायचं, किती वेळ फिरवायचं, हे डॉक्टरांना माझ्या रक्तावर कळलं. टोचायचा सराव माझ्या गालावर झाला. आठवडाभर तोंड पुरणपोळीसारखं टम्म. त्या पंधरवड्यात माझं जेवढं रक्त निघालं तेवढ्यात अर्धा रंकाळा भरला असता. बरं, अर्धा नाही, एक कोपरा. डॉक्टर म्हणायचे, "तुझं रक्त काय सुंदर वेगळं होतं गं, पुस्तकात असतं तसं."

तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं, गावात घर कुठं.

आणि आता तेच डॉक्टर दारात उभे. मला वाटलं, काहीतरी बोलतील. एवढ्या नळ्या दिल्या होत्या मी. ते हसले. बाईंकडं बघून हसले.

"वहिनी, तुमच्या मनात शंका नको. रक्त मी काढतो." आणि मला, "तू आत जा."

मी आत गेले. नळ्यांच्या खोलीत. मधल्या पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा टोचलं. बाई "आई गं" म्हणाल्या. दुसऱ्यांदा टोचलं. बाईंनी डॉक्टरांच्या शिक्षणाची चौकशी केली. तिसऱ्यांदा टोचलं, तेव्हा अशी किंकाळी आली की जोतिबाच्या डोंगरावर देवाची उंच सासनकाठी हलली असेल. डॉक्टरांना शीर कधीच सापडायची नाही. गेली कैक वर्षं त्यांनी कुणाचं रक्त काढलंच नव्हतं. मी होते ना.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

पडदा सारून डॉक्टर आत आले. कपाळावर घाम. हळू आवाजात म्हणाले, "टोपी घाल. मास्क लाव. तो हिरवा गाऊन चढव. आणि तोंडातून अक्षर काढू नको. तू बोललीस की कळतं."

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही. मी टोपी घातली.

केस झाकले, कपाळ झाकलं, नाक-तोंड झाकलं. उरले फक्त डोळे. बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ह्या आमच्या सीनियर टेक्निशियन." बाईंनी दुसऱ्या हाताची बाही वर केली. मी पट्टा बांधला. तीच बोटं. तेच स्पिरिट. एका टोचणीत नळी भरली. बाईंना कळलंसुद्धा नाही.

"बघा," बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्याला म्हणायचं हात! मघाची ती कोण होती, कुणाला पण ठेवता काय!"

डॉक्टर म्हणाले, "चुकलंच, वहिनी."

तीन वेळा यायचं होतं बाईंना, महिन्या-महिन्यानं. पहिली खेप दिवाळी झाल्यावरची. दुसऱ्या खेपेला त्या आल्या म्हटल्यावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि मी आपण होऊन गाऊन चढवला. हे सांगायला जड जातं. कुणी ढकललं नव्हतं. आपण होऊन. त्या दिवशी बाई माझ्या डोळ्यांकडं बघून म्हणाल्या, "बोलत न्हाईत, पण किती शांत! आपल्यातल्याच दिसतात." डॉक्टर "हो, हो" म्हणाले. मी मान डोलावली.

त्या रविवारी गावी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मावशी आलेली. मी झकास रंगवून सांगितलं. बाईची किंकाळी काढून दाखवली. डॉक्टरांचा घाम दाखवला. पदरानं तोंड झाकून डोळे फिरवून दाखवले. वर आणखी तिखट-मीठ लावलं. मशीनमध्ये एका बाजूला नळी घातली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी घालावी लागते, नाहीतर ते टेबलावर नाचत सुटतं. त्यासाठी आम्ही पाण्याची नळी ठेवतो. पण मी मावशीला सांगितलं, की बाईच्या रक्तासमोर मी माझंच रक्त ठेवलं आणि दोघींना बरोबरीनं फिरवलं! मावशी हसून हसून भिंतीला टेकली.

आई हसली नाही. भाकरी उलटली. मग म्हणाली,

"म्हंजे तुझं तोंड झाकलं की तू चांगली."

"अगं आई, तिला फसवलं की!"

"कुणाला फसवलंस? ती तर खूश हाय. डॉक्टर खूश हाय. तोंड तुझं झाकलंय." भाकरी टोपल्यात टाकली. "माझ्या आईला गावात गेली की सावली आवरून चालाय लागायचं. तू तोंड आवरून चालतीस. शिकलीस म्हणून तुझी टोपी हिरवी, एवढाच फरक."

मावशीचं हसू थांबलं. मी किती गप्पा मारते, जिल्ह्याला माहीत. त्या दिवशी मी ताट सारून उठले.

तिसरी खेप संक्रांतीनंतरची. डॉक्टरांनी मान हलवली. मी गाऊन घातला, टोपी घातली, मास्क लावला. ठरवून काही गेले नव्हते. तसं सांगितलं तर गोष्ट झकास होईल, पण तसं नव्हतं. भीती होती. नोकरी गेली तर दुसरीकडं कोण घेणार, हीच भीती. मी रक्त काढलं. नळी फिरवली. लाल खाली, पिवळं वर. डॉक्टरांना द्यायला ती हातात धरून उभी राहिले. बाईंच्या तोंडाला सुन्न करायचं पांढरं मलम फासलेलं. नुसते डोळे आणि ओठ दिसत होते. आज त्यांचं तोंडही झाकलेलं आणि माझंही.

बाईंनी पर्समधून चांदीची डबी काढली. दुसऱ्या पुडीत तिळगूळ.

"आज घरी हळदीकुंकू हाय. पण म्हटलं, पहिलं कुंकू ह्यांना लावावं. काय हात हाय ह्यांचा! मास्क काढा की ओ, आणि ती टोपी जरा वर सरकवा. कपाळ दिसू दे."

अनामिका कुंकवात बुडवून बाई उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांच्या मागं होते. डोळ्यांनी मला नको-नको करत होते. मग तोंडानं म्हणाले, "वहिनी, स्टरलाइज असतं सगळं, मास्क काढता येत नाही."

सुटका तयार होती. नुसती मान डोलावायची होती. मागच्या खेपेला डोलावली होतीच.

मी मास्क काढला. टोपी काढली.

"गाव कागलच्या अलीकडचं," मी म्हणाले. "घर बुद्धविहाराच्या मागं. तिन्ही वेळेला रक्त ह्याच हातानं काढलंय. आणि मी बौद्ध हाय. कुंकू लावत न्हाई."

बाईंचं बोट हवेत. कुंकू बोटावरून गळत होतं, पांढऱ्याशुभ्र फरशीवर. मलमामुळं तोंडावरचं काही दिसेना. मग माझ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाल्या,

"ते टाकून द्या."

"काय, वहिनी?"

"ती नळी. टाकून द्या."

स्वतःचं रक्त. स्वतःच्या शिरेतून पाऊण तासापूर्वी निघालेलं. मी नळीला बाहेरून नुसतं धरलं होतं, तेवढ्यानं ते त्यांचं उरलं नाही. जन्मापासून मी ऐकत आले होते बाटणं काय असतं. त्या दिवशी ते माझ्या मुठीत होतं. निळ्या टोपणाचं.

डॉक्टर माझ्यावर खेकसले. "टाक ते!"

"मी टाकणार न्हाई."

"टाक म्हणतोय ना!"

"रक्त माझं न्हाई, डॉक्टर. माझं रक्त तुम्ही कधीच वापरून घेतलंय. हे वैनीसाहेबांचं हाय. टाकायचं असंल तर त्यांनी त्यांच्या हातानं टाकावं."

बाईंचा कुंकवाचा हात अजून तसाच होता. त्या तळव्यावर मी नळी ठेवली. त्यांच्या हाताला माझा हात लागला. त्यांनी हात मागं घेतला नाही. घेतला असता तर नळी पडून रक्त सांडलं असतं.

"माफी माग," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मी गाऊन काढला. घडी घालून खुर्चीवर ठेवला.

इथं मला फुगवून सांगायला हवं. जिना उतरताना ढोल वाजले, पेढे उडाले, असं काहीतरी. काही वाजलं नाही. मी पायरीवर बसले. मिठाईवाल्यानं वर बघितलं, खाली बघितलं. पुढं कित्येक महिने शहरात कुणी मला उभं केलं नाही. डॉक्टरांनी सगळीकडं सांगितलं होतं, पोरगी उद्धट आहे. खरंच सांगितलं त्यांनी.

आज मी दुसऱ्या गावी एका लॅबमध्ये आहे. हात तसाच आहे. पैलवान अजून पडतात. गप्पा मी अजून फुगवते, म्हशीची शीर डोळे मिटून पकडली म्हणूनही सांगते. पण ती बाही मी एका बोटानंसुद्धा वाढवून सांगितलेली नाही. ती मनगटापर्यंतच खाली आली होती.

वैनीसाहेबांनी तिसरी नळी टाकली असेल. पहिल्या दोन त्यांच्या गालात आहेत. त्या रुमालानं पुसता येणार नाहीत.

मास्क मी आजही लावते, कामाला लागतो तो. पण आधी समोरच्याला तोंड दाखवते. नाव, आडनाव, गाव आणि गावात घर कुठं, हे कुणी विचारायच्या आत सांगते. पट्टा हातात घेऊन थांबते. ज्याला बाही खाली ओढायची असेल त्यानं तेव्हाच ओढावी आणि उठून जावं. माझी सुई थांबेल. माझं तोंड आता झाकणार नाही.