हजेरीपटातली मोठी आत्या

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जवळच्या बिरसीला विमानतळाचं काम निघालं आणि गोंदियात माझ्यासारख्याची गरज पडू लागली. भाताच्या गिरणीची खाती लिहिता लिहिता मी इन्कमटॅक्सचा कायदा शिकलो होतो. मोठा ठेकेदार बाहेरचा. त्याच्याकडून मातीचं, मुरमाचं काम तुकड्या-तुकड्यांनी घेणारे पेटी ठेकेदार आमच्या भागातले. यांना आयुष्यात पहिल्यांदाच टॅक्सची नोटीस आली. बिलाची रक्कम म्हणजे सगळी कमाई, असं टॅक्सचे साहेब धरून चालत. त्यातली मजुरी, बैलांचा चारा, हत्यारांची झीज वजा करून दाखवणं हे माझं काम.

त्यांतला एक चोरखमारा गावाकडचा होता. स्वतःच्या बैलगाड्यांनी मुरूम वाहायचा. त्याचा हजेरीपट रोजच्या रोज लिहिलेला. मी बेरजा दोनदा केल्या, एका आण्याचा फरक निघाला नाही. पण नावांच्या जागी नावं नव्हती. मामा, मोठी आत्या, काकाजी, बहिरी काकी, असं पानामागून पान. ही नागझिऱ्याच्या जंगलाकडची गोंड माणसं. ठेकेदाराच्या बापाच्या वेळेपासून याच घराबरोबर तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालत आलेली. नावं का नाहीत म्हणून विचारलं, तर तो माझ्यावरच हसला.

"आता आत्याले नाव घेऊन हाका मारू का, मुनीमजी? हाणंल ना मले."

हजेरी नव्यानं लिहून काढा, असं मी सांगू शकत नव्हतो. ती खोटी झाली असती. कोण म्हणजे कोण, याची वेगळी यादी जोडली आणि त्याला घेऊन साहेबापुढं गेलो. साहेब उत्तरेकडचे. त्यांनी यादी बाजूला सारली आणि थेट त्यालाच विचारलं, ही माणसं कोण?

"घरचेच माणसं होत, साहेब."

"घर के हैं? तो मज़दूरी किस बात की?"

सगळी मजुरी नामंजूर झाली. टॅक्स असा बसला की गाड्या विकल्याशिवाय भरणं शक्य नव्हतं. आणि गाड्या गेल्या की ठेकाही गेला.

मी वरच्या साहेबांकडं अपील केलं. हजेरीत ज्याला मामा लिहिलं होतं, तो त्या टोळीचा म्होरक्या. म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून समजावलं, की साहेबांनी विचारलं तर नातं नाही म्हणायचं. रक्ताचं नाहीच, म्हणजे खोटंही नाही. असं म्हटल्यावर गाड्या राहतील का, एवढंच त्यानं विचारलं. राहतील, असं मी सांगितलं.

सुनावणीला ठेकेदार म्हाताऱ्याच्या शेजारीच उभा होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"हा माहा कोणी लागत नाही. आमी मजूर. पैसे घेतले, माती खोदली."

मजुरी मंजूर झाली. गाड्या वाचल्या. बाहेर आल्यावर ठेकेदारानं बिडी पुढं केली आणि मामा, आता घरी जेवूनच जा, असा आग्रह धरला. म्हाताऱ्यानं बिडी घेतली नाही. आजवर तो ठेकेदाराला भासा, म्हणजे भाचा, म्हणायचा.

"येतो, ठेकेदारजी."

"असा काऊन बोलून राहिला, मामा? साहेबासाठी बोलला ना तू."

"सरकारापुढं बोललो. आता तेच हाय."

पुढच्या हंगामात ती टोळी आली नाही. ठेकेदारानं निरोप पाठवला, मग स्वतः जाऊन आला. मोठ्या आत्यानं पाणी दिलं आणि ती आपल्या कामाला लागली म्हणे. मग त्यानं दुसरीकडची माणसं लावली. त्या वर्षीचा हजेरीपट माझ्याकडं आला तेव्हा प्रत्येक ओळीत नाव, बापाचं नाव, गाव आणि अंगठा होता. टॅक्सच्या दृष्टीनं त्यात काढायला काही दोष नव्हता. मी तसं म्हणालो. त्यानं मान हलवली आणि सही कुठं करायची, ते विचारलं.